काळ्या डोंगराची हजेरी

वणवा लागला की त्याची बातमी होते. वणवा विझला की त्या डोंगराकडे कोणी फिरकत नाही. फार तर श्रावणात एस.टी.च्या खिडकीतून हिरवा उतार दिसतो आणि आपण म्हणतो, "चला, सावरला बिचारा!" पण तो खरोखरच सावरला का, हे सांगायचे कोणी?

आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या आसपासचे रान पानगळीचे. फाल्गुनात झाडे उघडी पडतात, खाली पाला आणि कुसळी गवत वाळून पडते; मग विडीचे एक थोटूकही पुरते. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था २००४ पासून उपग्रहाच्या साहाय्याने अशा आगींची सूचना वनखात्याला देत आली आहे. परंतु उपग्रहाला आग दिसते, करंगळीएवढा कोंब दिसत नाही. त्यासाठी माणसालाच वाकावे लागते.

गेल्या उन्हाळ्यात कन्नड तालुक्यातील एका जळालेल्या उतारावर हौशी मंडळींबरोबर मी हे वाकण्याचे काम केले. मी कला शाखेचा. साग आणि पळस यांपलीकडे माझे वृक्षज्ञान जात नव्हते. मार्गदर्शक होते वनस्पतिशास्त्राचे एक प्राध्यापक. सरांनी हाती मीटरभराची लाकडी चौकट, एक वही आणि एकच नियम दिला : दर महिन्याला चौकट त्याच जागी ठेवायची, आत जे असेल ते लिहायचे, काही नसेल तर शून्य लिहायचे. शिवाय त्याच दगडावर उभे राहून त्याच दिशेचे छायाचित्र घ्यायचे. कॅलिफोर्नियात माउंट डायब्लो येथे २०१३ साली वणवा लागला, तेव्हा पुढच्या वर्षी वाटेवर धातूचे कोन बसवून सहलीला येणाऱ्यांकडूनही असेच काम करून घेतले होते. कोनात फोन टेकवायचा, छायाचित्र काढायचे आणि पाठवायचे.

आमच्या वहीत आरंभी शून्येच फार. मित्र थट्टा करीत, "काय रे, राख मोजून झाली का?" जूनच्या पावसाने उतार हिरवा झाला आणि आम्ही हरखलो. सर शांतपणे म्हणाले, "प्रत्येक कोंबाचे बूड पाहा." पाहिले. साग, पळस, धावडा यांचे फुटवे जुन्या मुळांवरचे होते. बियांतून उगवलेली रोपे जवळजवळ नव्हतीच. जुने मूळ आगीतून तगते, कोवळे रोप तगत नाही. दरवर्षी आग लागली तर जुनी खोडे फुटत राहतील, पण पुढची पिढी येणार कोठून?

एकदा एका गुराखी बाबांनी हटकले, "मोजून काय व्हनार, पोरांनो? जाळल्याबिगर चांगलं गवत येत नाही बघा." राखेवर कोवळे गवत लवकर येते, हे त्यांनी जन्मभर पाहिलेले, त्यांच्याशी वाद कशाचा घालायचा? आम्ही त्यांना ओढ्यापलीकडे, आग न पोचलेल्या चौकटीपाशी नेले. तेथे चार-चार बोटांची रोपे उभी होती. बाबा बराच वेळ वाकून पाहत राहिले. मग म्हणाले, "ही तर बेहड्याची पोरं. हिकडं बी असायची की आधी."

आमच्या आकड्यांची एक प्रत वनखात्याच्या कार्यालयात दिली आहे. जाळरेषा काढताना तिचा थोडा उपयोग व्हावा, एवढीच अपेक्षा. पण एका वर्षाच्या आकड्यांना दुसऱ्या वर्षाची जोड नसेल, तर डोंगर सावरतो आहे की खचतो आहे, हे कळणार नाही. आम्ही शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी, परीक्षेनंतर पांगणार. चौकट आहे, वही आहे, दगडावर खूणही केलेली आहे. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मित्रांनो, पुढची हजेरी कोण घेणार?