खिडकीची बाहेरची बाजू

पाऊस ओसरला की पुण्यात आमच्या खिडक्या साफ करण्याच्या कामाचा हंगाम सुरू होतो. दसरा-दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरचे डबेसुद्धा खाली उतरतात, पण स्लायडिंग खिडकीची बाहेरची बाजू राहूनच जाते. तिथे हात पोचत नाही, आणि पोचवायला जाणे जिवावरचे. म्हणून नवीन गिऱ्हाइकाशी मी चकाकीबद्दल बोलतच नाही. "काकू, तुम्ही बाहेर वाकू नका," एवढेच सांगतो.

गिऱ्हाइके मिळावीत म्हणून पत्रके वाटली. ती पेपरातून पडतात आणि रद्दीत जातात. खरे काम नमुनाच करतो. वाघोलीकडे टँकरचे, बोअरचे जड पाणी. त्याचे थेंब काचेवर वाळले की क्षारांचे पांढरे डाग बसतात, साबणाने हलत नाहीत. मी एकच काच घेतो. पाण्यात व्हिनेगर मिसळून फडक्याने लावतो, थोडा वेळ मुरू देतो, मग रबरी वायपर वरून खाली एका ओढीत. ट्रॅकमधली माती जुन्या टूथब्रशने काढतो. शेजारची काच तशीच ठेवतो. काकू दोन्हींकडे आळीपाळीने बघतात आणि मग दर विचारतात.

सोसायटीत शिरायचे तर सेक्रेटरींची परवानगी हवी आणि वॉचमनची ओळख. वॉचमनला लोक विसरतात, याचे मला फार वाईट वाटते. कोणता फ्लॅट रिकामा होतोय, कोणाकडे कार्य आहे, हे त्यालाच आधी कळते. रिकाम्या फ्लॅटचे काम नीट झाले की तो भाड्याने देणारा एजंट पुढची कामेही सांगतो. उद्या एका नव्या इमारतीच्या सेक्रेटरींनी सातनंतर बोलावले आहे.