‘इथं आरक्षण नाही’ म्हणणाऱ्या रांगेला एक उत्तर

२५ डिसेंबर, मनुस्मृती दहन दिन. दरवर्षीप्रमाणे आम्ही महाडला निघालो होतो. आई, मावशी, आमच्या अभ्यासिकेतली बारावीची एक मुलगी, मी आणि गाडी चालवायला माझा मामेभाऊ. गाडी त्याचीच, इलेक्ट्रिक. हौसेची नाही, पोटाची. ॲपवर भाडं मारतो, अजून तीन वर्षांचे हप्ते आहेत. एका दिवसाचा धंदा बुडवून तो आला होता.

चेंबूरहून पहाटे पाचला निघालो तेव्हा बॅटरी ७४ टक्के होती. पूर्ण का नव्हती? दादा राहतो त्या एसआरएच्या इमारतीत त्याला पार्किंग नाही. गाडी रस्त्यावर उभी असते. सोसायटीकडे त्याने चार्जिंग पॉइंट मागितला होता. उत्तर आलं, मीटर रूममध्ये जागा नाही. म्हणून रोज रात्री धंदा संपला की तो सार्वजनिक चार्जरवर जातो. त्या रात्री तिथे त्याच्याआधी चार टॅक्स्या होत्या. एक वाजता नंबर लागला, दोनला तो गाडी काढून घरी आला, तीन तास झोपला.

महाड साधारण १७० किलोमीटर. त्याच्या गाडीचा खरा पल्ला भरलेल्या बॅटरीत दोनशेच्या आसपास. म्हणजे वाटेत एकदा थांबणं आलंच. नागोठण्याच्या आसपास एक चार्जर ॲपमध्ये ‘उपलब्ध’ दिसत होता. जाऊन पाहिलं तर मशीनच बंद. नाताळची सुट्टी, मुंबई-गोवा महामार्ग गोव्याच्या आणि कोकणातल्या पर्यटकांनी गच्च. माणगावजवळ एका हॉटेलच्या आवारात पोहोचलो तेव्हा बॅटरी ८ टक्के उरली होती.

तिथे दोन गन. एकीवर कागद चिकटवलेला, ‘बंद आहे’. दुसरीवर एक गाडी लागलेली, तिच्या पडद्यावर ८६ टक्के, मालक आत नाश्त्याला. आमच्यापुढे सहा गाड्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. फास्ट चार्जरवर बॅटरी ऐंशी टक्क्यांपर्यंत भराभर भरते. त्यानंतर बॅटरीला जपण्यासाठी गाडी स्वतःच विजेचा वेग कमी करते. शेवटचे वीस टक्के इतके रेंगाळतात की तेवढ्या वेळात दुसऱ्या गाडीचं निम्मं काम होऊन जातं. म्हणजे शंभर टक्के भरून घेणारा माणूस फक्त वीज घेत नाही, मागच्याचा वेळही घेतो.

दादा पुढच्या गाडीवाल्याकडे गेला. त्याच्या गाडीत ६१ टक्के होते. दादा म्हणाला, “साहेब, आमची बंद पडायला आलीये. गाडीत म्हाताऱ्या बायका आहेत. पंधरा मिनिटं दिलीत तर महाड गाठू.” त्या गृहस्थाने आधी दादाकडे पाहिलं, मग आमच्या काचेमागचा निळा झेंडा पाहिला आणि हसत म्हणाला, “भाऊ, इथं आरक्षण नाही. नंबराने.”

आजूबाजूचे दोन-तीन जण हसले.

माझ्या अंगाची लाही झाली. पंधरा वर्षं वस्तीत काम करतेय, अशा वेळी काय बोलायचं याचं उत्तर तयार असायला हवं. त्या क्षणी ते नव्हतं. आईने खिडकीतून सगळं ऐकलं होतं. ती शांतपणे म्हणाली, “बरोबर बोलला तो. नंबराने जाऊ. पण नंबर लिहितंय कोण?”

कोणीच लिहीत नव्हतं. तिथे माणूस नाही, पाटी नाही, टोकन नाही. रांग सगळ्यांच्या तोंडात होती. तेवढ्यात एक मोठी गाडी आली आणि सरळ गनच्या शेजारी जाऊन उभी राहिली. हॉटेलच्या मॅनेजरने तिच्या मालकाला नावाने हाक मारली, हात मिळवला. आता गंमत पाहा. ज्याने आम्हाला नंबर शिकवला तो मोबाइलमध्ये डोकं घालून बसला. जे हसले होते तेही गप्प. खालून कोणी विनंती केली तर नियम आठवतो. वरून कोणी घुसला तर मोबाइल आठवतो.

मी वही काढली. प्रत्येक गाडीजवळ जाऊन तीन गोष्टी लिहिल्या : कधी आलात, बॅटरी किती, पुढे किती जायचंय. मग मोठ्याने यादी वाचली आणि दोनच गोष्टी सुचवल्या. नंबर या यादीने, आणि ऐंशी टक्के झाले की गन काढायची. गोव्याला निघालेलं एक तरुण जोडपं लगेच तयार झालं. आमच्यासारखाच एक टॅक्सीवाला तयार झाला. ८६ टक्केवाला, आता ९३, बोलावल्यावर बाहेर आला आणि म्हणाला, “पैसे भरलेत मी.” मोठ्या गाडीवाला काहीच बोलला नाही. मॅनेजर मात्र म्हणाला, “मॅडम, ही आमची खाजगी जागा आहे.” पण एव्हाना पाच-सहा जण यादीभोवती उभे होते. मोठी गाडी दहा मिनिटं तशीच थांबली आणि निघून गेली. हा विजय वगैरे नव्हता. त्याला बहुधा चार्जिंगची घाईच नव्हती.

आमचा नंबर लागायला तीन तास लागले. त्या तीन तासांत मला उत्तर सुचलं. त्या गृहस्थापर्यंत ते पोहोचणार नाही, पण आपल्या तरुणांना ते उपयोगी पडेल म्हणून इथे लिहिते.

‘नंबराने’ हा शब्द फार सोज्वळ वाटतो. पण नंबर मोजायला कुठून सुरुवात करता? गाडी चार्जरसमोर उभी राहिली तिथून. खरी रांग मात्र आदल्या रात्रीच सुरू झालेली असते. ज्याच्या बंगल्यात किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतःचा पॉइंट आहे तो रात्री प्लग लावून झोपतो आणि सकाळी शंभर टक्के घेऊन निघतो. वाटेतला चार्जर त्याच्यासाठी सोय आहे. ज्याला पार्किंगच नाही त्याच्यासाठी तोच चार्जर एकमेव आधार आहे. मग माणगावला दोघे एकामागे एक उभे राहतात आणि पहिला दुसऱ्याला समता शिकवतो. एम.ए.ला मॅक्स वेबरची ‘जीवनसंधी’ ही संकल्पना मी परीक्षेपुरती पाठ केली होती. ६१ आणि ८ हे दोन आकडे शेजारी उभे राहिलेले पाहिले तेव्हा ती कळली.

आरक्षणावर बोलणारे नेमकं हेच करतात. परीक्षेच्या दिवसापासून मोजतात. त्याआधीच्या पिढ्यांना कोणी वही दिली, कोणाच्या हातात झाडू दिला, कोणाकडे जमीन होती, हे त्यांच्या मोजणीत येत नाही.

इथे कोणी म्हणेल, ताई, आपल्या लोकांना एसटीत उभं राहायला जागा मिळत नाही आणि तुम्ही कारच्या चार्जिंगवर काय लिहिता? आक्षेप रास्त आहे. चार्जरची रांग म्हणजे अस्पृश्यता, असं मी म्हणत नाही. तसं म्हणणं आपल्या पूर्वजांच्या वेदनेचा अपमान ठरेल. पण आज आपल्या वस्त्यांतली किती पोरं टॅक्सी, रिक्षा आणि डिलिव्हरीच्या गाड्यांवर आहेत ते मोजा. ही वाहनं वेगाने विजेवर चालली आहेत. दादाची गाडी हे त्याचं कामाचं ठिकाण आहे. चार्जरवर गेलेला तास त्याच्या मजुरीतून कापला जातो, त्याचे पैसे कोणी देत नाही.

आणि आम्ही जात होतो त्या गावाचा इतिहास हा सार्वजनिक सोयीचाच इतिहास आहे. १९२३ साली सी. के. बोले यांनी मुंबई कायदे मंडळात ठराव मंजूर करून घेतला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. १९२४ साली महाड नगरपालिकेने आपलं तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर सगळं झालं होतं. तरी १९२७ च्या मार्चपर्यंत एकाही अस्पृश्याला त्या पाण्याला हात लावता आला नाही. स्पृश्यांच्या घरी विहिरी होत्या. बाजाराला आलेल्या महार-चांभाराला तळ्याचाच आधार होता आणि तोच त्याला बंद होता. २० मार्चला बाबासाहेबांनी हजारोंसह ते पाणी प्यालं. त्याच ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. मग विरोधक कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं काय होतं? तळं खाजगी आहे! हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडलं. मॅनेजरच्या तोंडून ‘खाजगी जागा’ हे शब्द ऐकले तेव्हा मला हे आठवल्याशिवाय कसं राहील?

प्रवासाचंही तसंच. २४ डिसेंबर १९२७ ला बाबासाहेब आणि प्रतिनिधी मुंबईहून बोटीने दासगावला निघाले. धरमतरचा मार्ग त्यांनी टाळला, कारण ऐनवेळी बसमालकांनी गाड्या नाकारल्या तर काय? दासगावहून महाड पाच मैल, चालत तरी जाता येईल. परिषदेला गावात कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान या मुस्लिम गृहस्थाने आपली जमीन दिली. रस्ता, वाहन, जागा, पाणी : सोय दुसऱ्याच्या मर्जीवर असली की हक्काचं काय होतं, हे बाबासाहेबांना भाषणातून शिकावं लागलं नव्हतं.

म्हणूनच व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळताना त्यांनी विजेच्या प्रश्नात इतकं लक्ष घातलं. १९४३ साली वीजधोरणाच्या समितीपुढे बोलताना त्यांची भूमिका स्पष्ट होती : दारिद्र्यातून सुटायचं तर उद्योग हवेत आणि उद्योगांसाठी स्वस्त आणि मुबलक वीज हवी. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये त्यांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत अशी मागणी मांडली. आपण बाबासाहेबांचा फोटो लावतो, पण वीज या विषयावर ते काय म्हणाले हे किती जणांना ठाऊक आहे?

आजचं धोरण उलट दिशेचं आहे. २०१८ साली केंद्र सरकारने स्पष्ट केलं की चार्जिंग स्टेशन चालवायला वीजपुरवठ्याचा परवाना लागत नाही. कोणीही उघडावं. त्याच वर्षीच्या मार्गदर्शक सूचनांत महामार्गावर दर २५ किलोमीटरला दोन्ही बाजूंना स्टेशन असावं असंही लिहिलं. कागद चांगला आहे. पण मशीन बंद पडलं तर जबाबदार कोण? रांग कोण लावणार? ॲपने खोटं सांगितलं तर दाद कुठे? महाराष्ट्रात ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतूवर इलेक्ट्रिक गाड्यांना टोल माफ झाला. फायदा आम्हालाही मिळतो, नाकारत नाही. पण टोल वाचला आणि तीन तास गेले, तर टॅक्सीवाल्याच्या हाती काय उरलं?

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. एसआरए, बीडीडी, म्हाडा आणि झोपडपट्टीच्या रस्त्यांवर महापालिकेचे चार्जर हवेत, कारण तिथे खाजगी पॉइंट कधीच येणार नाही. प्रत्येक स्टेशनवर रांगेची नोंद आणि तक्रारीचा नंबर मराठीत हवा. ऐंशी टक्क्यांनंतर गर्दीच्या वेळी गन सोडण्याचा नियम हवा. आणि सगळ्यात आधी एसटीच्या इलेक्ट्रिक बस वाढवा. ‘शिवाई’ २०२२ साली पुणे-नगर मार्गावर सुरू झाली. बसमध्ये चाळीस माणसं जातात आणि आठ टक्क्यांची धाकधूक प्रवाशाला करावी लागत नाही. यातलं निदान एक काम तुम्ही या महिन्यात करू शकता : आपल्या वॉर्डात किती सार्वजनिक चार्जर मंजूर आहेत आणि किती चालू आहेत, याचा माहिती अधिकारात अर्ज टाका.

आता एक गोष्ट आपल्याबद्दल, कारण ती लपवली तर हा लेख अर्धा राहील.

आमचा नंबर लागला. पाऊण तासात ८० टक्के झाले. दादा म्हणाला, “परतीचं काय? नागोठण्याचं बंदच आहे. पंच्याण्णवपर्यंत जाऊ दे.” मी गप्प बसले. यादी माझ्या हातची, ऐंशीचा नियम माझ्या तोंडचा, आणि तरी मी मनात हिशेब करत होते की मागे आपलं कोण आहे? ज्यांना सकाळी नावं ठेवली तेच मी करणार होते. नोकरी लागली, फ्लॅट घेतला, मुलं शिकली, आणि मग वस्तीकडे वळूनही न पाहणारे आपलेच लोक मी रोज पाहते. ते सगळे शेवटच्या वीस टक्क्यांवर बसलेत.

आईला टक्के कळत नाहीत. तिने विचारलं, “मागे किती गाड्या आहेत?”

“सात.”

“मग काढ ना.”

दादाने गन काढून मागच्या माणसाच्या हातात दिली. वही मी त्या तरुण जोडप्यातल्या मुलीकडे दिली होती. पुढे तिने ती कोणाला दिली ते मला ठाऊक नाही.

महाडला पोहोचलो तेव्हा सकाळचं अभिवादन होऊन गेलं होतं. आम्ही क्रांतिस्तंभाला वंदन केलं, तळ्यावर गेलो. बारावीतल्या मुलीने विचारलं, “ताई, १९२७ ला इथे पाणी प्यायला आलेल्यांनी पण रांग लावली असेल का?”

मी म्हटलं, “लावली असेल. बाबासाहेबांच्या मागे चालत आले होते सगळे. पण तळ्यापर्यंत जाणारी वाट मात्र त्यांना आधी तयार करावी लागली.”

जय भीम.