नथीच्या मोत्याभोवतीचा काळा वळसा

पाटल्या-गोठ घरी कसे धुवायचे हे मी एका दमात सांगतो. कोमट पाणी, दोन थेंब सौम्य साबण, लहान मुलाचा मऊ ब्रश, आणि सगळं परातीत, मोरीत नाही. बोरमाळ असेल तर गरम पाणी नको, पोकळ मण्यांच्या पोटातली लाख मऊ पडते. एवढ्यात सोन्याचा विषय संपतो. नथीचा संपत नाही. केळव्यात सोनारकी करण्यात आयुष्य गेलं, तरी नथ साफ करण्याबद्दल माझं समाधान अजून झालेलं नाही.

त्या एवढ्याशा दागिन्यात तीन स्वभाव एकत्र बांधलेले असतात. सोन्याच्या तारेला साबण चालतो. मोत्याला आंबट सोसत नाही. लिंबू, चिंच लागली की मोत्याचं पाणी गेलंच. मधल्या लाल-हिरव्या खड्याला तर ओलच नको. बंद कोंदणात त्याच्यामागे वर्ख असतो, तो काळवंडला की खडा विझतो. म्हणून नथ पाण्यात बुडवायचीच नाही. मोती ओलसर मलमलीने पुसायचे, कोंदणावर फक्त कोरडा ब्रश फिरवायचा.

पण मला छळतो तो मोत्याच्या भोकाशी, तारेला लागून बसलेला काळा वळसा. चेहऱ्याचं तेल, पावडर, घाम आणि आमची खारी हवा यांचा तो चिकटा. नथ भिजत ठेवली तर तो भोकात आत उतरतो आणि मोती आतून पिवळा दिसू लागतो. ब्रशने जोर केला तर भोकाच्या कडेचा पापुद्रा निघतो. माझी रीत अशी: जुन्या मलमलीतलं एक सूत काढायचं, भिजवून पिळायचं, मोत्याला भिडवून तारेभोवती एक वेढा द्यायचा आणि दोन्ही टोकं धरून हलकेच पुढे-मागे ओढायचं. सूत मळलं की दुसरं. मग पुढचा मोती. मग पुन्हा पहिला, कारण खिडकीच्या उजेडात धरला की दिसतं, थोडं राहिलंय.

टूथपेस्टचा सल्ला देणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. त्यातली घासणारी पूड 22 कॅरेटच्या मऊ सोन्यावर ओरखडे काढते, मोत्याचं तर विचारूच नका. काही दुकानांत नथ सरळ अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये सोडतात. हिऱ्याच्या अंगठीला ते यंत्र ठीक आहे, मोत्याला आणि कोंदणाला नाही. आणि दारावर पॉलिश करून देणाऱ्याच्या हातात बांगडी देऊच नये. तो आम्लात सोनं उतरवून घेतो. बांगडी चकचकीत होऊन परत येते, पण वजनात घटलेली. हल्ली रिसॉर्टच्या तरणतलावात दागिन्यांसकट उतरतात. 18 कॅरेटच्या नाजूक साखळीचा डाख क्लोरीनने कमकुवत होतो.

मी नथीसाठी एवढा जीव टाकतो कारण जुन्या घरांतल्या नथींत अजून आखातातले बसरा मोती सापडतात. जपानी कल्चर मोती आले आणि 1930 नंतर आखातातला मोती काढण्याचा धंदा बसला. तसा मोती खराब झाला तर जोडीला जोड मिळणं कठीण.

सुताची ही रीत मी कुणाला दाखवत नसे. लग्नसराईआधी काकू-वहिनी नथी घेऊन येत, ‘तुमच्याच हाताने करा’ म्हणत, आणि ते ऐकायला मला फार आवडे. घरी कसं करायचं असं कुणी विचारलं की मी विषय बदलत असे. आता उजवा हात थरथरतो, म्हणून सूनबाईला शिकवलं. तिने पहिलीच नथ माझ्यापेक्षा स्वच्छ केली. त्या दिवशी माझ्या तोंडून कौतुकाचा शब्द निघाला नाही. दुसऱ्या दिवशी निघाला. ती येणाऱ्या प्रत्येकीला सूत धरायला शिकवते. आता मीही शिकवतो.

एका गोष्टीवर मात्र आमचं जमत नाही. ती म्हणते, “बाबा, तार सोडू, मोती सुटे करू, भोकं आतून साफ करू आणि नव्या तारेत बांधू.” काम नेटकं होईल, मान्य. पण जुनी तार उलगडून पुन्हा वळवली की तुटते, आणि बांधणी बदलली की नथीचा डौल बदलतो. ज्या कारागिराने तो डौल दिला, तो आता नाही. थोडा काळा वळसा राहू दे, असं मी म्हणतो. ती भिंग पुढे करते आणि आतला पिवळेपणा दाखवते. सध्या एक नथ यावरच अडली आहे. ती ज्यांची आहे त्या काकूंना आम्ही दोघांनी आपापली बाजू सांगितली आहे. तुळशीचं लग्न झालं की त्या येऊन काय ते ठरवतील.