पावडरचा डबा

आमच्या घरात पावडर हे औषधही होतं आणि लाडही. बाळाची अंघोळ झाली की मानेच्या वळ्यांत, जांघेत पावडर. मे महिन्यात घामोळं उठलं की पाठभर पावडर. आई ती आधी तळहातावर घ्यायची, फुंकर मारून जादाची उडवायची आणि मग उरलेली अशी काही लावायची की खाज निम्मी तिथेच थांबायची. आमच्या लेकी-भाच्यांवरही तिचा हाच प्रयोग झाला.

तिला पक्षाघात झाला, लघवी-शौचाचं भान गेलं, आणि भेटायला येणारे फळांबरोबर पावडरचे डबे आणू लागले. घरात पाऊल टाकल्यावर पाहुणा आधी वास घेतो, मग तब्येत विचारतो, हे मला तेव्हा कळलं. "भरपूर लाव गं, कोरडं राहील," आत्या म्हणाली.

मांड्यांच्या आतून आणि कुल्ल्यांवर लाली पसरली. मग कातडी ओलसर चकाकू लागली, सोलवटली. कूस बदलताना आई दात-ओठ आवळून म्हणायची, "आग होतेय गं." मला बेडसोरची धास्ती. घरी येणाऱ्या डॉक्टरांनी नीट पाहिलं आणि मान हलवली. बेडसोर बहुधा माकडहाडासारख्या हाडाच्या उंचवट्यावर होतो, त्याला कड असते. हे ओल पोचेल तिथे अघळपघळ पसरतं. निरोगी कातडी किंचित आम्ल असते, सामू ५ च्या आसपास. लघवीतल्या युरियाचा अमोनिया झाला की ही आम्लता मोडते. मग शौचातली पाचक विकरं चेकाळतात आणि कातडीच पचवू लागतात. त्यावर आपण साबणाची वडी घासतो, जिचा सामू ९-१० असतो. वर डेटॉलचं पाणी! स्वच्छतेच्या नावाखाली आपण म्हाताऱ्या माणसांना किती सोलतो.

पावडरचा निकाल मात्र आईला सांभाळायला येणाऱ्या मावशींनी लावला. "ताई, ओल्यात हिच्या गोळ्या होतात, त्याच काचतात," म्हणत त्यांनी जांघेतला पांढरा चिखल मला दाखवला. त्यांची रीत वेगळी. कोमट पाणी, जुन्या सुती साडीचा तुकडा. पुसायचं नाही, टिपायचं. वर झिंक ऑक्साइडचं मलम, तेही पातळ, कारण थर जाड झाला की डायपर शोषत नाही. पुढच्या वेळी मळलेलं तेवढंच काढायचं, उरलेल्यावर नवा हात फिरवायचा. कडेला सुट्या लाल पुटकुळ्या दिसल्या तर बुरशी समजून डॉक्टरांना फोन. आणि 'भरला की बदलू' ही काटकसर बंद. डायपर स्वस्त नाहीत, पण चिघळलेल्या कातडीचा खर्च त्याहून मोठा.

लाली उतरली. आईच्या गळ्याला अजून पावडर लागते, तो तिचा हट्ट आहे आणि मला मान्य आहे. कपाटातले न फोडलेले डबे भाचा कॅरमसाठी घेऊन गेला. सोंगट्या बोरिकसारख्या सरकत नाहीत म्हणून कुरकुरतोय. आत्याचा परवा फोन आला होता, आणखी पाठवू का म्हणून.