प्रवाळांचं ऊन

मी काय करतो हे कळलं की सदाशिव पेठेतला पहिला प्रश्न ठरलेला असतो : "म्हणजे घरात पोवळी पिकवता?" नाही. मंगळासाठी अंगठीत घालतात ते लाल पोवळं म्हणजे भूमध्य समुद्रातल्या एका प्रवाळाचा सांगाडा. तो प्राणी खडकांच्या कपारींत, गुहांत, खोल आणि मंद पाण्यात राहतो. प्रवाहाबरोबर वाहत येईल ते खातो. उजेडाशी त्याला देणंघेणं नाही. मी लोकांच्या दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याच्या टाक्या उभारून देतो, त्यांतली प्रवाळं वेगळी. त्यांच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवालं राहतात. ती उजेडात अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा आपल्या यजमानाला देतात. टाकीवरचा दिवा शोभेचा नसतो, तो या प्राण्यांचं जेवण असतो.

एवढं पटलं तरी गिऱ्हाईक दिवा घेताना डोळे बारीक करून त्याच्याकडे बघतं आणि म्हणतं, "हा जरा कमीच वाटतो." घोळ इथेच होतो. माणसाचा डोळा हिरवट-पिवळ्या उजेडाला, म्हणजे साधारण ५५५ नॅनोमीटरच्या आसपास, सर्वांत जास्त दाद देतो. ४५० नॅनोमीटरच्या गडद निळ्या उजेडाला तो जेमतेम चार टक्के दाद देतो. शैवालांचं उलटं आहे. त्यांच्यातली हरितद्रव्यं आणि पेरिडिनिन नावाचं तांबूस रंगद्रव्य मिळून ४३० ते ५०० या निळ्या पट्ट्यातच सर्वाधिक उजेड टिपतात. जो दिवा आपल्याला मिणमिणता वाटतो, तो प्रवाळासाठी भर दुपार असू शकतो. लक्स, ल्यूमेन ही सगळी मापं माणसाच्या डोळ्याला प्रमाण मानून ठरवलेली आहेत. त्यामुळे मोबाइलवरचं लक्स मोजणारं ॲप निळ्या दिव्याखाली निव्वळ दिशाभूल करतं. 'लिटरमागे इतके वॅट' हा दुकानदारांचा जुना हिशेबही असाच. वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो; तो टाकीच्या तळाशी काय पोहोचवतो, हे त्यात कुठेच येत नाही.

मोजायचं ते 'पार'. ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले प्रकाशकण एका चौरस मीटरवर दर सेकंदाला किती पडतात, त्याची ही मोजणी. एकक मायक्रोमोल. उष्ण कटिबंधात निरभ्र दुपारी समुद्राच्या पृष्ठभागावर हा आकडा २००० च्या आसपास जातो. घरच्या टाकीतल्या मऊ प्रवाळांना ५० ते १५० पुरतात. अक्रोपोरासारख्या फांद्या फुटणाऱ्या कठीण प्रवाळांना २०० ते ३५० लागतात. पार मीटर महाग असतो आणि प्रत्येकानं तो विकत घ्यावा असं मी म्हणणार नाही. पाच-सहा हौशी लोकांत मिळून एक पुरतो, कारण दिवा एकदा बसवला की मोजणी वरचेवर करावी लागत नाही. मोजताना फक्त मध्यभागी संवेदक धरून आकडा बघू नका. कोपरे, खडकाची सावली, तळ, सगळीकडे फिरवा. एकाच टाकीत मधोमध १८० आणि कोपऱ्यात ४० निघणं हे नेहमीचं चित्र आहे. त्यात वाईट काही नाही. कोणता जीव कुठे ठेवायचा, ते त्यावरून ठरवता येतं.

आता कायदा, कारण दिव्याची निवड त्यावरही अवलंबून आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून खडक बांधणारी सगळी कठीण प्रवाळं, काळी प्रवाळं, समुद्रपंखे, अग्निप्रवाळ आणि ऑर्गन पाइप प्रवाळ आहेत. वाघाला जे संरक्षण, तेच यांना. मालवणच्या किनाऱ्यावरून 'एक छोटासा तुकडा' उचलून आणणं हा गुन्हा आहे, आणि असा तुकडा घेऊन माझ्याकडे कुणी आलं तर मी सरळ परत पाठवतो. त्यामुळे मी झूअँथिड, मशरूम, लेदर या मऊ मंडळींवरच काम करतो. परदेशी चित्रफितींत अक्रोपोराच्या झाडीवर जे प्रचंड दिवे लटकलेले दिसतात, त्यांची आपल्याला गरज नाही. तरी लोक ते मागवतात, पूर्ण जोरात लावतात, आणि पंधरवड्यात मशरूम आक्रसून पांढुरके पडलेले असतात.

कोणता उजेड, या प्रश्नाचं उत्तर शोधायला महाराष्ट्राबाहेर जायला नको. आपल्याकडे प्रवाळांची दोन अगदी भिन्न घरं आहेत. पहिलं मालवण. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा समुद्र १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. तिथे काही मीटर पाण्यातच पोराइट्सचे गोळे आणि टर्बिनेरियाची ताटं दिसतात. पाणी उथळ असलं तरी स्वच्छ नाही. खाड्यांतून येणारा गाळ, प्लवक आणि कुजलेल्या पाचोळ्याचा पिवळसर अंश आधी निळा उजेड गिळतात. खाली उरतो तो हिरवट, कमी आणि अनियमित. पावसाळ्याचे चार महिने तर विचारूच नका. तरीही ही प्रवाळं तगून आहेत. टर्बिनेरियाचं एक कसब मला फार आवडतं : भरपूर उजेडात ती घड्या घालत उभी वाढते आणि अंधुक पाण्यात ताटासारखी आडवी पसरते. मिळेल तेवढा उजेड अंगावर घेता यावा म्हणून आकारच बदलते.

दुसरं घर आंग्रिया बँक. कान्होजी आंग्र्यांचं नाव मिळालेलं हे पाण्याखालचं पठार विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत, खोल समुद्रात आहे. त्याचा माथाच मुळी वीस मीटर पाण्याखाली. तिथलं पाणी नितळ, पण लाल रंग पहिल्या काही मीटरांतच विरलेला असतो. वीस मीटरवर पोहोचतो तो बहुतेक निळा आणि निळा-हिरवा उजेड. बाजारातले 'रीफ' दिवे या दुसऱ्या समुद्राची नक्कल करतात. नक्कल वाईट नाही, कारण शैवालांना निळा चालतोच. पण निळा म्हणजेच समुद्र, हे काही खरं नाही. प्रवाळ बऱ्याच प्रकारच्या उजेडात जगतं. त्याला मानवत नाही तो अचानक झालेला बदल.

निळ्याचा हट्ट वाढला त्याला आणखी एक कारण आहे. अनेक प्रवाळांमध्ये निळा उजेड शोषून हिरवा किंवा केशरी परत टाकणारी प्रथिनं असतात. १९९९ साली मॉस्कोतल्या संशोधकांनी अशी काही प्रथिनं प्रसिद्ध केली. त्यांतलं लाल प्रथिन डिस्कोसोमाचं, म्हणजे आपल्या मशरूमच्याच कुळातलं. आज जगभरच्या प्रयोगशाळांत पेशींवर खूण करायला ते वापरतात. दुकानात मात्र हीच प्रथिनं खपाला मदत करतात. पांढरे एलईडी बंद ठेवून फक्त निळे लावले की साधा झूअँथिडही निखाऱ्यासारखा पेटतो. तोच जीव घरी आणून पांढऱ्या दिव्याखाली ठेवला की तपकिरी. लक्ष्मी रोडवर साडी घेताना बायका ती दुकानाच्या दारात, उन्हात नेऊन बघतात; प्रवाळ घेतानाही दुकानदाराला पांढरा दिवा लावायला सांगावं. तो कुरकुरला तर समजून जावं.

घरी आल्यावर महिनाभरात रंग उतरून सगळं तपकिरी झालं, तर मात्र दोष दुकानाचा नसतो. उजेड कमी पडला की प्रवाळ पेशीतली शैवालं आणि त्यांची रंगद्रव्यं वाढवतं, म्हणून ते गडद होतं. पाण्यात नायट्रेट, फॉस्फेट साचलं तरी तसंच होतं. उजेड जास्त झाला तर उलट फिकटपणा येतो. तपकिरी पडलेलं प्रवाळ सहसा सावरतं. पांढरं पडलेलं सावरेलच, याची खात्री मी देत नाही. म्हणून नवा दिवा पहिल्या दिवशी निम्म्याहून कमी जोरावर लावावा आणि महिना-दीड महिन्यात हळूहळू चढवावा.

उपकरणांचं थोडक्यात. मेटल हॅलाइड दिव्याखाली पाण्यावर जी लखलखणारी जाळी उमटते, ती मला आजही सर्वांत सुंदर वाटते. पण २५० वॅटचा एक दिवा आठ तास लावला तर रोजची दोन युनिट, महिन्याला साठ. शिवाय एप्रिलमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा हा दिवा टाकी उकळायला घेतो, आणि मग चिलर आला. प्रवाळांना पाणी २४ ते २७ अंशांत हवं. टी-फाइव्ह ट्यूबचा उजेड सगळीकडे सारखा पसरतो, सावल्या मऊ पडतात. पण ट्यूब वर्षभरात उतरतात आणि आता चांगल्या मिळणं अवघड झालंय. राहता राहिला एलईडी. शुजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये झगझगीत निळा एलईडी करून दाखवला, २०१४ मध्ये त्याबद्दल आकासाकी आणि अमानो यांच्याबरोबर त्यांना नोबेल मिळालं. त्या निळ्या ठिपक्याशिवाय आजचा एकही रीफ दिवा झाला नसता. तीन बाय दीड बाय दीड फुटांची, म्हणजे सुमारे १९० लिटरची मऊ प्रवाळांची टाकी सत्तर वॅटच्या, जोर कमी-जास्त करता येणाऱ्या एलईडीवर निभते. तेवढेच आठ तास धरले तर महिन्याची सतरा युनिट. एकच मोठा दिवा घेण्याऐवजी दोन छोटे घ्यावेत. सावल्या कमी पडतात आणि एक बिघडला तर टाकी अंधारात जात नाही. पेठेतल्या जुन्या घरांत झोपाळ्याच्या कड्या असतात. दिवा त्यांना साखळीनं टांगला तर वरखाली करता येतो. दिव्याच्या काचेवर मिठाचा थर साचतो, तो आठवड्याला पुसायचा. उजेड कमी झाला म्हणून नवा दिवा घ्यायला निघालेल्यांना मी आधी ओलं फडकं देतो.

वेळेबद्दल लोक उगाच हळवे असतात. सूर्य सहाला उगवतो म्हणून टाकीही सहाला उजळायची आणि ऑफिसातून येईपर्यंत विझायची, यात कुणाचं भलं? टायमर दुपारी एक ते रात्री दहा लावा. प्रवाळाला घड्याळ कळत नाही, दिवस-रात्रीचा क्रम कळतो. तो मात्र पाळायचा आणि रात्र खरोखर काळोखी ठेवायची. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात ऋतूंप्रमाणे दिवसाची लांबी, तापमान आणि चंद्राच्या कलासुद्धा टाकीत हुबेहूब उभ्या केल्या, तेव्हा अक्रोपोरानं बंद टाकीत बीजांडं सोडली. ते संशोधन २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. आपल्याला तेवढं करायचं नाही. दिवाळीत समोरच्या बाल्कनीतल्या माळा रात्रभर टाकीवर मिचमिचत असतील तर पडदा ओढून घ्या, एवढं पुरे.

आणि गुरुवार. दुरुस्तीसाठी वीज जाण्याचा पुण्यातला हा वार. वीज गेली की फोन येतो, "दिवा इन्व्हर्टरवर घेऊ का?" नको. मालवणची प्रवाळं आषाढात आठवडेच्या आठवडे ढगांखाली काढतात. एका दिवसाच्या अंधारानं काही बिघडत नाही. पाणी फिरायचं थांबलं तर मात्र प्राणवायू काही तासांत संपतो. इन्व्हर्टरवर आधी पंप घ्या. दिवा शुक्रवारी लागला तरी चालतो.