कुष्ठरोग शोधायला यायचं तर माणसं घरी असताना या

मंडळी, पोस्ट लांब आहे, पण पूर्ण वाचा. ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि आशाताई यांनी तर वाचाच. विषय कुष्ठरोगाचा आहे.

"तो रोग अजून आहे का?" असं जव्हारच्या बाजारातही लोक मला विचारतात. आहे. डिसेंबर २००५ मध्ये देशातून कुष्ठरोगाचं 'दूरीकरण' झाल्याचं जाहीर झालं. त्याचा अर्थ इतकाच होता की देशाची सरासरी दर दहा हजार लोकसंख्येमागे एका रुग्णाच्या खाली आली. सरासरीत मुंबईही येते आणि मोखाडाही येतो. २०२३ साली जगात १ लाख ८२ हजारांहून जास्त नवे रुग्ण नोंदले गेले आणि त्यातले निम्म्याहून अधिक भारतातले होते. महाराष्ट्रात ज्या जिल्ह्यांत हा रोग ठाण मांडून आहे, त्यांत गडचिरोली, चंद्रपूरच्या जोडीला आपल्या पालघरचंही नाव येतं.

आता हा रोग ओळखतात कसा ते बघा, कारण सगळी गोम तिथेच आहे.

मलेरियाला बोटातून थेंबभर रक्त घेतात आणि पंधरा-वीस मिनिटांत पट्टीवर रेघ दिसते. क्षयासाठी गोव्यातल्या कंपनीने बनवलेलं ट्रूनॅट मशीन आता लहान दवाखान्यांतही चालतं. कुष्ठरोगासाठी असं भरवशाचं काही नाही. नॉर्वेच्या हॅन्सनने याचा जंतू १८७३ मध्ये शोधला, म्हणजे क्षयाचा जंतू सापडायच्या नऊ वर्षं आधी. तरी आजपर्यंत हा जंतू प्रयोगशाळेतल्या काचेत वाढवता आलेला नाही. एकाचे दोन व्हायला त्याला जवळपास दोन आठवडे लागतात. अंगात शिरल्यापासून पहिला चट्टा दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षं जातात, कधी वीसही. रक्ताच्या चाचण्या करून पाहिल्या गेल्या, पण एक-दोनच चट्टे असलेले रुग्ण त्यांतून निसटतात.

म्हणून निदान आजही हातानेच होतं. माणसाला चांगल्या उजेडात उभं करायचं, कपडे बाजूला करून अंग बघायचं, डोळे मिटायला लावायचे आणि चट्ट्यावर पेनाचं टोक हलकंच टेकवून विचारायचं, "कुठे लागलं, बोट ठेव." बोट ठेवता आलं नाही तर संशय. मग कोपरापाशी, गुडघ्याखाली नस जाड झाली आहे का ते चाचपायचं. स्मिअर तपासतात, पण बहुतेकांचा निकाल त्या पेनावरच लागतो.

म्हणजे या रोगाचं यंत्र म्हणजे एक शिकलेला माणूस. आणि ते यंत्र चालायला समोर दुसरा माणूस हजर लागतो.

घरोघरच्या तपासणीत एका पाड्यावर मी सोबत फिरलो आहे. पथकात आशाताई आणि एक पुरुष स्वयंसेवक. बायकांना ताईने घरात नेऊन तपासायचं, पुरुषांना स्वयंसेवकाने. एका घरात म्हातारी आणि दोन नातवंडं होती. बाकीचे? "भट्टीवं गेलं." पुढच्या घराला कुलूप. त्याच्या पुढच्यालाही. ताई दारावर खडूने खूण करत होती आणि वहीत लिहीत होती. मी विचारलं, "ताई, ही कुलूपवाली घरं परत कधी बघणार?" ती म्हणाली, "दादा, ते येतील तेव्हा अभियान संपलेलं असतं."

या एका वाक्यासाठी ही पोस्ट आहे.

आपल्याकडे दिवाळी झाली की माणसं निघतात. भिवंडी, वसई, कल्याण, वाड्याच्या वीटभट्ट्यांवर, कुणी बांधकामावर, कुणी सिल्वासाच्या कंपन्यांत. शिमग्याला चार दिवस येतात आणि पुन्हा जातात. पाऊस तोंडावर आला की मग घरी. आता अभियानं बघा. कधी सप्टेंबरात असतात, कधी नोव्हेंबर-डिसेंबरात, कधी जानेवारीत. जनजागृतीचा 'स्पर्श' कार्यक्रम तर ३० जानेवारीचा, गांधीजींच्या पुण्यतिथीचा. दिवस योग्यच आहे, कुष्ठरुग्णांची सेवा हे गांधीजींचं काम होतं. पण त्या दिवशी आपल्या ग्रामसभेत शपथ घ्यायला बसतं कोण? ज्यांनी अंग दाखवायला हवं ते तरणे लोक विटा थापत असतात.

चट्टा दुखत नाही, खाजत नाही. म्हणून त्यासाठी मजुरी बुडवून कोणी दवाखान्यात येत नाही. गजकर्ण समजून बाजारातली मलम लावत राहतात. मग एक दिवस तव्यावर हात भाजतो आणि कळतच नाही. करंगळी वाकते. पायात काटा मोडून आठ दिवस राहतो, जखम चिघळते. गोळ्यांनी जंतू मरतो, पण गेलेली नस गोळ्यांनी परत येत नाही. नस अधू झाल्यापासून साधारण सहा महिन्यांच्या आत औषध मिळालं तर बरीचशी वाचवता येते. सहा महिने म्हणजे आपल्याकडे भट्टीचा एक हंगाम.

संशोधनाने मात्र एक चांगली गोष्ट दिली आहे, आणि ती आपल्या शेजारीच करून पाहिली गेली आहे. बांगलादेशात मोठा अभ्यास झाला. रुग्णाच्या घरच्यांना आणि शेजाऱ्यांना रिफाम्पिसिनचा एकच डोस दिला, तर पुढच्या दोन वर्षांत त्यांच्यात नव्या रुग्णांचं प्रमाण ५७ टक्क्यांनी कमी झालं. हेच काम प्रत्यक्ष सरकारी यंत्रणेतून जमतं का, हे बघायला भारतात निवड झाली दादरा-नगर हवेलीची. २०१५ मध्ये तिथे सुरुवात झाली. तीच आदिवासी वस्ती, तसेच पाडे, तेच डोंगर. काम जमलं, आणि २०१८ पासून हा डोस राष्ट्रीय कार्यक्रमात आला. आज आपल्याकडेही रुग्ण सापडला की आजूबाजूच्यांना तो देता येतो.

पण यात एक नाजूक जागा आहे. शेजाऱ्याला गोळी द्यायची तर शेजारी विचारणारच, कुणाला झालाय? पंधरा घरांच्या पाड्यात उत्तर द्यायची गरजही पडत नाही. म्हणून रुग्णाची परवानगी घेतल्याशिवाय हे करायचं नाही असा नियम आहे आणि तो पाळलाच पाहिजे. मुलीचं लग्न मोडेल या भीतीने बाप नाही म्हणाला, तर त्याला दोष देऊ नका. भीती आपण तयार केली आहे. नवरा-बायकोपैकी एकाला कुष्ठरोग आहे म्हणून घटस्फोट मागता येईल असं आपल्या कायद्यातच लिहिलेलं होतं. ते २०१९ मध्ये निघालं. पाड्यावरच्या बोलण्यातून निघायला अजून वेळ आहे. पूर्ण पाड्यालाच तपासायचं, सगळ्यांनाच समजवायचं, म्हणजे एका घराकडे बोट जात नाही. पण त्यासाठीही पाडा घरी हवा.

म्हणून मागण्या साध्या आहेत.

एक. जव्हार-मोखाड्यासाठी शोध अभियान भादव्यात ठेवा, दिवाळीनंतर नको. आणि पथक संध्याकाळी पाठवा, दिवसा लोक शेतावर असतात. विजेची खात्री नसते, चांगला टॉर्च द्या.

दोन. शिमग्याच्या चार दिवसांत फक्त कुलूपवाल्या घरांची दुसरी फेरी करा. खडूच्या खुणा आहेतच.

तीन. भट्टीवर जाणाऱ्या रुग्णाला महिन्याचं एकच पाकीट देऊन 'परत या' म्हणू नका. उपचार सहा ते बारा महिन्यांचा आणि फुकट आहे. दूर जाणाऱ्याला पुढची पाकिटं सोबत द्यायची आणि घरातल्या एकाला जबाबदारी द्यायची, ही पद्धत जागतिक आरोग्य संघटनेनेच सांगितलेली आहे. सोबत एक कार्ड द्या, जे भिवंडीच्या दवाखान्यातही चालेल.

चार. लहान मुलात रुग्ण सापडला तर त्या घराच्या आसपास उपचार न घेतलेला मोठा माणूस आहे असं धरून चाला. बहुधा तो भट्टीवर असेल. तिथे जा.

यासाठी नवं मशीन नको, नवी इमारत नको. तारखा बदलायच्या आहेत. जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीत हा विषय कोणी सदस्य मांडणार असेल तर मी पूर्ण माहिती घेऊन यायला तयार आहे.

आणि तोवर आपण काय करायचं? अंगावर फिकट किंवा लालसर, न खाजणारा, न दुखणारा चट्टा असेल, तिथे घाम येत नसेल, कानाची पाळी जाड झाली असेल, हाताला गरम-गार कळत नसेल, तर जवळच्या आरोग्य केंद्रात जा. पाठीवरचा चट्टा स्वतःला दिसत नाही. घरातल्याला बघायला सांगा.