चेंडूमागचे बळ

गोल्फ हा निवृत्त साहेबांचा, आरामात खेळायचा खेळ आहे, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. हिरवीगार कुरणे, डोक्यावर टोपी, पिशवी वाहणारा कॅडी आणि अधूनमधून मारलेला एखादा टोला! यात घाम गाळण्यासारखे काय आहे, असे कोणासही वाटावे. वाडीत कुदळ चालवून वाढलेल्या आमच्या पिढीतील मंडळींना तर या खेळाचे हसूच येते.

सेमिनरीत आम्ही फुटबॉल आणि व्हॉलीबॉल खेळलो. गोल्फचा क्लब मात्र कधी हाती धरला नाही. तरीही या खेळाविषयी आम्हांस कुतूहल निर्माण झाले, ते आमच्या धर्मग्रामातील एका तरुणामुळे. मुंबईत नोकरी करणारा हा मुलगा कचेरीतील सहकाऱ्यांच्या संगतीने गोल्फ खेळू लागला आणि काही महिन्यांतच कंबर धरून आमच्यापुढे उभा राहिला. "फादर, चांगला महागडा क्लब घेतला, तर चेंडू लांब जाईल आणि कंबरही वाचेल, नाही का?" आम्ही म्हणालो, "अरे, क्लब मागाहून बदल. आधी डॉक्टरांना कंबर दाखव, मग ती बळकट कर." त्यानंतर मात्र या विषयावर मिळेल ते वाचण्याचा छंदच आम्हांस जडला.

वाचकहो, गोल्फचा चेंडू ४६ ग्रॅमहूनही हलका असतो. तो टोलवण्यासाठी बळ ते किती लागणार? परंतु व्यावसायिक खेळाडूच्या क्लबचे टोक ताशी सुमारे १८० किलोमीटर वेगाने त्या चेंडूवर येते आणि दोहोंचा स्पर्श सेकंदाच्या जेमतेम दोन हजाराव्या भागापुरता टिकतो. हा वेग केवळ दंडांतून येत नाही. पाय जमिनीला रेटतात, तो रेटा मांड्यांतून नितंबांत येतो, तेथून पोट आणि पाठ यांच्या स्नायूंतून खांद्यांत चढतो आणि शेवटी मनगटांवाटे क्लबमध्ये उतरतो. साखळीतील एक कडी दुर्बल असली, की तिचा भार शेजारच्या कडीवर पडतो. नितंब आखडलेले असले, तर त्यांच्या वाट्याचे वळणे कमरेला सोसावे लागते. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाची कंबर गोल्फच्या मैदानावर कुरकुरू लागते, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. शिवाय १८ होल चालत खेळायचे, म्हणजे ८ ते १० किलोमीटरची पायपीट आणि चार तासांहून अधिक वेळ. शेवटच्या काही होलांवर पाय थकले, की नेम चुकतो आणि आपण दोष देतो हाताला!

हे सत्य फार लवकर ओळखणारा खेळाडू म्हणजे दक्षिण आफ्रिकेचा गॅरी प्लेअर. जन्म १९३५चा, वडील सोन्याच्या खाणीत कामाला, आई तो आठ वर्षांचा असताना कर्करोगाने गेलेली. थोरला भाऊ इयान दुसऱ्या महायुद्धावर निघाला, तेव्हा त्याने धाकट्याकडून आयुष्यभर व्यायाम करण्याचे वचन घेतले, असे प्लेअर यांनी अनेकदा सांगितले आहे. अंगाने लहानखुऱ्या गॅरीने ते वचन पाळले. वजने उचलल्याने स्नायू आखडतात आणि गोल्फ बिघडतो, असे त्या काळी जाणकारही मानत. प्लेअर यांनी त्यांच्याशी वाद घातला नाही. ते वजने उचलीत राहिले. १९६५ साली अमेरिकन ओपन जिंकून त्यांनी चारही प्रमुख स्पर्धांची मालिका पूर्ण केली. १९७८ साली, वयाच्या ४२व्या वर्षी, मास्टर्सच्या अखेरच्या दिवशी सात फटक्यांनी मागे असताना त्यांनी ६४ फटक्यांत फेरी संपवली आणि स्पर्धा जिंकली. २००९ साली मास्टर्समध्ये ते अखेरचे खेळले, तेव्हा त्यांचे वय ७३ होते!

मात्र बळाची दुसरी बाजूही पाहावयास हवी. व्यायामशाळेत कमावलेल्या शरीराची महती टायगर वूड्सने साऱ्या जगाला पटवली. १९९७ साली अवघ्या २१व्या वर्षी त्याने मास्टर्स १२ फटक्यांच्या फरकाने जिंकली. परंतु २००८ साली नडगीच्या हाडाला चिरा आणि गुडघ्याचा बंध तुटलेला असताना तो अमेरिकन ओपन खेळला आणि जिंकला; २०१७ साली पाठीचे मणके जोडण्याची शस्त्रक्रिया त्याला करून घ्यावी लागली. २०१९ साली तो पुन्हा मास्टर्स जिंकला, हे खरे. पण बलदंड शरीरालाही मर्यादा असते, हेही तितकेच खरे.

याच वूड्सचा महाविद्यालयीन संघातील सहकारी केसी मार्टिन. जन्मजात विकारामुळे त्याच्या उजव्या पायातील रक्ताभिसरण बिघडलेले होते. १८ होल चालणे त्याला अशक्य. व्यावसायिक स्पर्धांत त्याने छोटी गाडी वापरण्याची परवानगी मागितली. ती नाकारली गेली. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले आणि २००१ साली सात विरुद्ध दोन मतांनी निकाल मार्टिनच्या बाजूने लागला. गाडी वापरूनही या खेळाडूस धडधाकट प्रतिस्पर्ध्यांहून अधिक थकवा सोसावा लागतो, ही गोष्ट न्यायालयाने ध्यानात घेतली. आम्हांस हे फार मोलाचे वाटते. कोण किती चालला, एवढ्यावरून त्याचे बळ मोजता येत नाही. तेवढे चालताना त्याने काय सोसले, हेही पाहावे लागते.

मग पन्नाशी ओलांडलेल्या तुम्हां-आम्हांसाठी यात काय आहे? गोल्फ आपल्यापैकी फार थोडे खेळतील. पण वाकून बादली उचलणे, वळून नातवाला कडेवर घेणे, जिना चढणे यांसाठी शरीराची तीच साखळी लागते. बैठका पायांना बळ देतात. एका पायावर उभे राहिल्याने तोल सुधारतो. आखाड्यातील जुना मुद्गल तर खांदे, पाठ आणि मनगटे यांना एकत्र वळण लावतो. आम्ही स्वतः रोज सकाळी व्हरांड्यात वीस बैठका काढतो आणि पाळीपाळीने एकेका पायावर उभे राहतो. वेदीसेवक मुले आम्हांस बगळा म्हणून हसतात, त्यांना खुशाल हसू द्यावे! ज्यांना दुखणे आहे, त्यांनी मात्र डॉक्टरांस विचारूनच आरंभ करावा.

तो तरुण आता आठवड्यातून तीन दिवस व्यायाम करतो. क्लब जुनाच आहे. चेंडू पूर्वीपेक्षा फार लांब जातो असे नाही. परंतु अठराव्या होलपर्यंत तो ताठ चालत जातो आणि घरी परतल्यावर वृद्ध वडिलांना उचलून खाटेवर बसवण्याइतके बळ त्याच्या कमरेत शिल्लक असते. देवाने दिलेल्या शरीराचा याहून चांगला उपयोग तो कोणता?